मोती काढणाऱ्यांच्या गावी, अब्बांना घेऊन

मी सातवीत होते तेव्हा आमच्या घरात चार माणसं आणि तीन ताटं होती. आम्ही तीन भावंडं आधी जेवायचो आणि मग अम्मी आमच्यातल्याच एखाद्या ताटात स्वतःला वाढून घ्यायची. अब्बांना धरलं तर माणसं पाच, पण अब्बांना धरायची आम्हाला सवयच नव्हती. ते दुबईतल्या देऱ्याच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या एका लाकडी जहाजावर होते. टुरिस्ट ज्या जहाजांचे फोटो काढतात तीच ही जहाजं. आमच्या रत्नागिरीकडचे लोक त्यांना लाँच म्हणतात. टायर, फ्रीज, कांदे, मिळेल तो माल भरून ती इराणला, येमेनला, सोमालियाला जायची आणि कधी परत येतील ते समुद्र ठरवायचा. घरी खर्ची वेळेवर आली तर ईद, नाही आली तर अम्मी सुकी मच्छी निवडायच्या कामाला जायची. बारावीपर्यंत मी मामूंच्या मुलीचे उतरलेले कपडे घातले. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आताही नाही. पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

अब्बा लाँचवर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावर रांधणारा. जातीचा संबंध नाही, ते कामाचं नाव आहे. लाँचवर भंडाऱ्याचा एक कायदा असतो. आधी नाखुदा, म्हणजे कप्तान, मग खलाशी, कोणी पाहुणा असेल तर तो सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांचं पोट भरलं की शेवटी भंडारी. एकही माणूस उपाशी असेल तर भंडाऱ्यानं घास तोंडात घालायचा नाही. अब्बांनी उभं आयुष्य हा कायदा पाळला. दोन वर्षांतून एकदा रजेवर घरी यायचे तेव्हाही पाळला. स्वतः रांधायचे, वाढायचे, आणि आमचं झालं की चुलीजवळ उकिडवे बसून टोपातला तळाचा थंड भात खायचे.

"अवो, बसा की पोरांबरोबर," अम्मी म्हणायची.

"तुमी जेवा गो. माझं मी बघतो," अब्बा म्हणायचे.

माझा बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा ते रजेवर होते. मोहल्ल्याला बिर्याणी घातली. मी एक ताट त्यांच्यासाठी झाकून बाजूला ठेवलं होतं. ते त्यांनी पोस्टमनला दिलं.

अम्मी तीन वर्षांपूर्वी गेली. आपल्या नवऱ्याबरोबर ती एकदाही एका वेळी जेवली नाही. आमच्याकडे यावर कोणी रडत नाही, असं असतंच म्हणतात. पण मला ते लागून राहिलं होतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात अब्बा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे शारजाला आले, आणि विमानतळावरच म्हणाले, "हा पासपोर्ट संपला की नवा नाय काढायचा, गुडघे म्हणतात बस," तेव्हाच मी ठरवलं. हा माणूस परत जायच्या आधी एकदा आमच्याबरोबर बसून गरम जेवणार.

शारजा

ठरवणं सोपं होतं. आमच्याकडे चार खुर्च्यांचं टेबल आहे. मी, माझा नवरा इरफान, मुलगी झोया आणि धाकटा अयान. अब्बांसाठी पाचवी खुर्ची आणली. त्या खुर्चीवर त्यांनी कांद्यांची पिशवी ठेवली. फजरची नमाज झाली की ते किचनमध्ये शिरायचे. मी देऱ्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, संध्याकाळी दीड तास जॅममध्ये घालवून घरी यायची, तर आंबोळी, सुक्या बांगड्याची चटणी, सोलकढी, सगळं तयार. आम्ही बसलो की ते आमच्या मागे पळी घेऊन उभे.

"नाना, सिट ना! यू आर मेकिंग मी नर्व्हस," झोया म्हणायची.

"काय म्हणते ती?"

"बसा म्हणते."

"तिला सांग, आधी ताटातली ती भेंडी संपव."

बोटीची सहल ठरली ती झोयामुळे. शाळेत तिनं व्हायकिंग लोकांवर प्रोजेक्ट केलं होतं. तिकडे युरोपात त्यांची जुनी गावं जशीच्या तशी पुन्हा उभी केली आहेत, समुद्रातून होडीनं जायचं, लाकडाची घरं, भट्टीवर लोहार. तिला ते बघायचंच होतं. इरफान म्हणाला, "बेटा, त्या गावाला जायला आधी व्हिसा लागतो, मग स्वेटर लागतो. आपण इथलेच व्हायकिंग बघू." आणि त्यानं शोधून काढलं की उत्तरेकडच्या एका खाडीत, बेटावर, मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव पुन्हा बांधलंय. लाकडी बोटीनं नेतात, दुपारचं जेवण तिथेच. तिकिटाचे दिरहम ऐकून अब्बांनी ते मोठ्यानं रुपयांत केले.

मी मात्र खूश होते. जेवण तिकिटात आहे, रांधणारे दुसरे, वाढणारे दुसरे. अब्बांना बसण्यावाचून इलाज नाही, असं माझं गणित.

खाडी

शनिवारी सकाळी रस्ता मोकळा होता. देऱ्याकडे जाणारा रोजचा जॅम सुट्टीवर होता आणि आम्ही उलट्या दिशेला, उत्तरेला. जाणाऱ्यांनी थंडीतच जावं, आणि टोपी न्यावी. फेब्रुवारीतही पाण्यावरचं ऊन डोळ्यांत शिरतं.

धक्क्यावर आमची बोट उभी होती. लाँचचीच जात, पण लहान, पुढे शिडाचा नुसता देखावा आणि मागे इंजिन. चालवणारा नाखुदा कच्छचा, आणि त्याच्या जोडीला चहापाणी बघणारा जुसबभाई, तोही कच्छचाच, दाढी मेंदीनं लाल केलेला. आमच्याशिवाय दोन गोरी कुटुंबं आणि एक फिलिपिनो जोडपं.

अब्बा बोटीत चढले आणि सरळ मागच्या बाजूला निघाले. मागे जुसबभाईचं छोटं स्वयंपाकघर, गॅसची शेगडी, दोन टोप.

"अब्बा, पुढे. आपल्या सीटा पुढे आहेत."

"पुढे काय आहे?"

"गाद्या आहेत."

"गाद्या घरी पन हायत," म्हणाले, पण आले. गादीच्या कडेवर असे टेकले की कधीही उठता यावं. मग मला हळूच म्हणाले, "एवढी वर्षं समुद्रावर गेलो, पन लाँच चालू असताना तिचा पुढचा भाग मी कधी बघितला नव्हता गो. मी सदा मागे, धुरात."

खाडी फार सुंदर आहे. पाणी उथळ आणि हिरवं, दोन्ही बाजूंना खारफुटी. आमच्या कोकणातल्या खाडीसारखीच झाडं, पण तिथे चिखल काळा, इथे वाळू पांढरी. लालसर पायांचे फ्लेमिंगो ओळीनं उभे होते. अयाननं त्यांची मोजदाद सुरू केली, प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला. जुसबभाईनं छोट्या ग्लासांतून करक चहा आणून दिला. वेलदोडा, आटवलेलं दूध, साखर भरपूर. अब्बांनी घोट घेतला, मागे वळून जुसबभाईला हातानंच सांगितलं, छान. रिकामा ग्लास परत द्यायला गेले तेव्हा आपणही भंडारी होतो हे सांगून आले. पहिली दोस्ती तिथे झाली.

गाव

बेटावर उतरलो तर समोर तीसेक घरं. खजुराच्या झावळ्यांच्या भिंती, झावळ्यांचीच छपरं, सुंभानं बांधलेली. आमच्या गावी नारळाच्या झावळ्या खाडीत भिजवून त्यांचे झाप विणतात, त्यांच्याच बहिणी म्हणायच्या. फरक एवढाच, की तिकडे झाप पाऊस अडवायला आणि इथे झावळ्या वारा आत घ्यायला. मी झोयाला सांगितलं की आमच्या न्हाणीघराला अशाच भिंती होत्या. ती म्हणाली, "दॅट्स सो कूल, मम्मा." मी म्हटलं, तेव्हा एवढं कूल वाटत नव्हतं.

मी घरून वाचून गेले होते, म्हणून गाईडच्या आधी मीच सांगत सुटले. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष बोटी घेऊन समुद्रात जायचे. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधून तळाशी जायचा, गळ्यातल्या टोपलीत शिंपले भरायचा, आणि वर दुसरा माणूस दोर धरून बसलेला. दोर हलला की ओढायचं. उशीर झाला तर खलास. शेकडो शिंपले उघडावे तेव्हा एखादा मोती, आणि तोही मालकाचा. मग बाजारात कृत्रिम मोती आले आणि हा सगळा धंदा बसला.

अब्बांना मोत्यांतलं काही ठाऊक नव्हतं. ते मन लावून ऐकत होते. "एवढा जीव घालवून आनलेला मोती कोनाच्या गळ्यात गेला असंल?" त्यांनी विचारलं. गाईड पुढच्या झोपडीकडे वळला.

एका मोठ्या झोपडीत त्यांनी बोटीचा देखावा केलाय. खऱ्या मापाची बोट आणि माणसांचे पुतळे. दिवसभर पाणबुडे चार खजूर आणि कॉफीवर राहायचे, भरल्या पोटी बुडता येत नाही. अंधार पडताना काय तो भात आणि मासा. तोच प्रसंग होता, एका मोठ्या थाळ्याभोवती सगळे पुतळे मांडी घालून बसलेले. नाखुदा, पाणबुडे, दोर ओढणारे, गाणी म्हणणारा. झोयानं पाटी वाचून एकेकाला ओळखलं आणि म्हणाली, "बट हू कुक्ड? देअर इज नो कुक."

मी अब्बांना सांगितलं, ती विचारते, रांधणारा कुठाय?

अब्बा हसले. "तो मागे असंल. मागाहून जेवंल."

गाईड आणि इरफानही हसले. मला हसू आलं नाही. वाटलं, उद्या कोणी आमच्या लाँचवाल्यांचं गाव असं उभं केलं, तर माझे वडील त्यात दिसणारच नाहीत. त्यांचा पुतळा करायचा तर तो चित्राच्या बाहेर ठेवावा लागेल.

जेवण समुद्राकाठी मांडवाखाली होतं. भाजलेला मासा, मसाल्याचा भात, हमुस, आणि लुकैमात म्हणून तळलेल्या गोळ्या, वर खजुराचा पाक. आपल्या गुलगुल्यांची अरबी भावंडं. ज्यानं त्यानं ताट घेऊन हवं ते घ्यायचं. माझं गणित इथेच चुकलं. वाढणारा नसला की अब्बा वाढणार. मी त्यांना खुर्चीवर बसवून त्यांचं ताट आणायला गेले, परत येते तो ते उठून अयानच्या माशाचे काटे काढतायत, इरफानला भात वाढतायत. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, हातात डाव. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईनं त्यांना बोट वर करून खूण केली, पाणी. अब्बा निघाले, दोन बाटल्या घेऊन आले, झाकणं उघडून ठेवली.

मी ताट आपटलं. "एक्सक्यूज मी. ही इज नॉट द वेटर. ही इज माय फादर."

बाई लालेलाल झाली, दहा वेळा सॉरी म्हणाली. सगळा मांडव आमच्याकडे बघायला लागला. अब्बांनी मला बाजूला घेतलं.

"तिनं पानीच मागितलं ना? रगत नाय मागितलं."

"तुम्ही बसा ना, अब्बा. एकदा तरी बसा."

"माझ्या उभं राहन्याची लाज वाटते तुला?"

"लाज नाही हो..."

"मग बोंबललीस कशाला? मी पानी दिलं म्हनून तुझी डिग्री कमी झाली काय?"

त्यांचं ताट टेबलावर तसंच राहिलं, माशावर माशा बसल्या. "मला भूक नाय," म्हणाले आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. इरफान हळूच म्हणाला, "रुखसाना, सोड आता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तू काय शिकवणार?" मी सोडलं. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. गणित संपलं, उत्तर आलं नाही, असं समजून मी लुकैमात खाल्ले, आणि ते गोड लागले नाहीत.

वाळूवर

परतीला बोट निघाली ती मुळात उशिरा. खाडीला ओहोटी लागली होती. अर्ध्या वाटेवर खालून खर्रर्र आवाज आला, बोट थोडी कलली आणि थांबली. नाखुदानं इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं, पाणी नुसतं गढूळ झालं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "खलास. रेतीवर बसली. पाणी भरेल तेव्हा निघेल."

"कधी भरेल?"

"मगरिबनंतर, दिवस बुडाल्यावर. इन्शाल्ला."

त्यानं फोन केला तेव्हा एक छोटी स्पीडबोट आली. तिच्यात सगळे मावेनात. गोऱ्या बाईजवळ तान्हं बाळ होतं. अब्बाच पुढे होऊन म्हणाले, त्यांना जाऊ द्या. ती बाई उतरताना अब्बांचा हात धरून थँक यू म्हणाली, आणि माझ्याकडे बघून कसनुशी हसली. मीही हसले. फिलिपिनो जोडपंही गेलं. राहिलो आम्ही पाच, नाखुदा आणि जुसबभाई.

ऊन उतरलं. पाणी इतकं ओसरलं की बोटीच्या बाजूला खेकडे फिरताना दिसायला लागले. अयान इतका खूश की जणू हा खेळ तिकिटात होता. मग त्यानं पोटावर हात ठेवला. "मम्मा, आय अॅम हंग्री." आमच्याकडे बिस्किटाचा एक पुडा होता, तो संपला होता.

जुसबभाईनं काही न विचारता शेगडी पेटवली. स्वतःच्या आणि नाखुदाच्या रात्रीच्या जेवणासाठी ठेवलेली सुरमई होती, तांदूळ होता. कांदा परतल्याचा वास आला तसे अब्बा उठले आणि मागे गेले. मी मनात म्हटलं, झालं.

दोन मिनिटांत ते परत आले. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"शिवू नाय दिलं. म्हनतो, चाचा, चूल माझी हाय."

"मग?"

"बरोबर हाय त्याचं," अब्बा म्हणाले. "मीपन कोनाला शिवू देत नव्हतो."

सूर्य खारफुटीच्या मागे गेला तेव्हा जुसबभाईनं पुढच्या डेकवर सतरंजी टाकली आणि मधोमध भाताचा मोठा थाळा ठेवला. वर सुरमईच्या तुकड्या, तळलेला कांदा, लिंबू. वाफ निघत होती. नाखुदाला त्यानं वेगळ्या थाळीत सुकाणापाशी दिलं. मुलं बसली, इरफान बसला, मी बसले. अब्बा डोलकाठीला टेकून उभे.

"चाचा, बैठो," जुसबभाई म्हणाला.

"बच्चा लोग खाने दो. मैं बाद में."

"बाद में नहीं. अभी."

"तुम खा लो पहले," अब्बा म्हणाले. "सुबह से तुम भी खड़ा है."

जुसबभाईनं डाव थाळ्याच्या कडेवर ठेवला. "मैं कैसे खाऊं? चाय के टाइम आप ही बोला ना, आप भी भंडारी था. बोलो. आपके लाँच पे मेहमान भूखा खड़ा रहा, और आपने खा लिया? कभी?"

अब्बांनी थाळ्याकडे बघितलं.

"आज आप मेहमान है, चाचा. आप नहीं बैठेगा तो मैं भी भूखा सोएगा. आपकी मर्जी."

अयानचा हात घासासकट थांबला होता. मी अब्बांकडे बघितलं नाही, मुद्दाम. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी त्यांना कायदा मोडायला सांगितला होता. कायदा पाळायला सांगणारं हे पहिलंच माणूस.

मग गुडघ्यांचा कट्‌ असा आवाज आला. अब्बा सतरंजीवर, अयान आणि माझ्या मधे बसले. मांडी घालायला त्यांना वेळ लागला. "बिस्मिल्ला," म्हणाले आणि थाळ्यात हात घातला. भात इतका गरम होता की बोटं झटकन मागे घेतली. गरम भातात बोटं घालायची त्यांना सवयच नव्हती. "नाना, ब्लो!" अयान म्हणाला आणि स्वतःच त्यांच्या घासावर फुंकर घालायला लागला.

पहिले चार घास त्यांनी भराभर गिळले, कोणी मधेच बोलावून घेईल अशा घाईनं. मग वेग कमी झाला. सुरमईचा पोटाकडचा तुकडा जुसबभाईनं त्यांच्यापुढे सरकवला, तो त्यांनी अयानपुढे सरकवला, अयाननं परत त्यांच्यापुढे. शेवटी त्यांनी खाल्ला. काटा बाजूला ठेवून म्हणाले, "मीठ बरोबर हाय." जुसबभाईनं छातीवर हात ठेवला.

"मिरची जरा कमी पडली," अब्बा पुढे म्हणाले.

"बच्चा लोग है ना, चाचा!"

"हां, तो ठीक है."

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "रुखसाना, अजून थोडा भात दे."

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना भात वाढला. त्यांनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, लिंबू पिळून, बोटं चाटून. ते हात धुवून मागे टेकले तेव्हा कुठे जुसबभाईनं स्वतःची ताटली घेतली. अब्बा त्याच्याकडे वळून बसले आणि त्याचं होईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत राहिले. देरा, लाँच, कोणत्या बंदरात कांदा महाग.

पाणी भरलं, बोट आपसूक उचलली गेली. "यल्ला," नाखुदानं इंजिन चालू केलं. धक्क्यावर पोचेपर्यंत मुलं झोपून गेली होती. कारमध्ये अब्बा मला एवढंच म्हणाले, "त्या बाईवर उगाच ओरडलीस हां." मी म्हटलं, हो.

चार दिवसांनी ते गावी गेले. पासपोर्टबाबत त्यांनी मन बदललेलं नाही, आणि फोनवर विचारलं तर कळतं, आजही माझ्या भाचेमंडळींना आधी वाढून मागाहूनच जेवतात. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. पण त्या शनिवारी, खाडीत, माझे वडील आपल्या मुलीच्या आणि नातवंडांच्या बरोबरीनं, एका थाळ्यात, गरम जेवण पोटभर जेवले.